एकदाच फिरवायचा केक

माझ्या धाकट्या जावेला आमच्या घरात सगळे भिंगरी म्हणतात. तिच्या पायाला भिंगरी आहे असं म्हणता म्हणता त्यातलं 'पायाला' कधी गळून पडलं आणि तीच भिंगरी झाली. तिला स्वस्थ बसलेली मी फक्त तिच्या लग्नाच्या फोटोत पाहिली आहे, आणि त्यातही तिचा एक हात हललेला आहे. फोनवर बोलताना ती चालायला लागते, बोलत बोलत जिना उतरते, आणि फोन संपला की आपण खाली कशाला आलो हे तिला आठवत नाही. मग आलेच आहे तर म्हणून भाजी घेऊन येते. घरात भाजी सकाळीच आणलेली असते, तीही तिनेच.

मी थोरली. मी दुसऱ्या मजल्यावर, ती खाली पहिल्या मजल्यावर. तिच्याकडे माझा दीर आणि आमचे सासरे, म्हणजे मामंजी. खाली काय चाललंय हे मला जिन्यातूनच कळतं, आणि कळलं की मी बोलते. माझ्या जिभेला हाड नाही असं घरात म्हणतात. खरंच आहे ते, आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

भिंगरीने आजवर काय काय सुरू केलं आणि सोडलं ते सांगायला बसले तर संध्याकाळ होईल. शिवणकाम शिकली. माझ्या गाउनला एक बाही लावली, दुसरी अजून यायची आहे. मग झाडं लावली. त्या कुंड्या आता जिन्यात रिकाम्या उभ्या आहेत. मग पोहणं, मग कुठलीशी परकी भाषा, जिच्यात तिला फक्त 'स्टेशन कुठे आहे' एवढं विचारता येतं. एक ना धड, भाराभर चिंध्या. या सगळ्यात टिकली ती एकच गोष्ट, दातांच्या दवाखान्यातली काउंटरवरची नोकरी. तिथे दिवसभर खुर्चीत बसायचं. संध्याकाळी घरी आली की घरभर येरझारा घालायची आणि म्हणायची, "ताई, माझे पाय मेलेत हो. बसून बसून मेलेत." एक दिवस ती नोकरीही सोडून आली आणि येताना भलामोठा खोका घेऊन आली. त्यात कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह ओव्हन होता.

"आता केक," मी म्हणाले. "बघू, पावसाळ्यापर्यंत टिकतोय का."

टिकला. पावसाळाही गेला आणि थंडीही गेली. केक करताना तिला उभं राहता यायचं, फेटता यायचं, चव घ्यायला वरखाली पळता यायचं. तिच्या हाताला चव आहे हे मी तोंडावर कधी बोलले नाही, पण ती बशी घेऊन वर आली की दार उघडायला मी वेळ लावायची नाही.

मग वाचनालयासमोरच्या कॅफेवालीने तिचा केक खाल्ला. चष्म्याला साखळी लावणारी, तोलूनमापून बोलणारी बाई. ती म्हणाली, "चव चांगली आहे. पण गोल केक मला नको. लांबट करा, विटेसारखा, म्हणजे सगळे काप सारखे पडतील. पहिल्या गिऱ्हाइकाला करपलेला आणि शेवटच्याला कच्चा, असं चालणार नाही. पुढच्या शनिवारी एक आणून दाखवा. जमला असेल तर रोज घेईन."

भिंगरी घरी आली ती उडतच. लांबट टिन आणला, त्यात केक लावला, आणि तो एका टोकाला कोळसा, दुसऱ्या टोकाला लापशी असा निघाला.

गोल टिन ओव्हनमधल्या काचेच्या तबकडीवर गरगर फिरायचा, त्यामुळे सगळीकडून सारखा भाजायचा. लांबट टिनचे कोपरे भिंतींना अडकत होते. तबकडी खर्र करायची आणि थांबायची. पण हे कळायला वेळ लागला, कारण आमच्या घरात एखादी गोष्ट बिघडली की आधी प्रत्येकजण आपापलं शहाणपण पाजळतो. मामंजींनी त्यांची जुनी पाणसळ शोधून काढली आणि ओटा सपाट आहे का ते बघायला त्यावर ठेवली.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणाले.

पाणसळीतला बुडबुडा एका बाजूला पळाला. ओटा खरंच वाकडा होता. ओव्हनच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. मग केक वरून सपाट झाला आणि उजवीकडून तसाच करपला. माझ्या दिराने ओव्हन भिंतीपासून पुढे ओढला, म्हणाला मागे हवा खेळायला हवी. भिंगरीने आधी तापवून पाहिला, आच कमी करून पाहिली, वर फॉइल टाकून पाहिली. करपलेल्या टोकांचा ढीग झाला. ती टोकं चहात बुडवून आम्हीच खात होतो.

सोमवारी शेवटी मेकॅनिक आला. मी त्याचं नाव थंडोबा ठेवलं, कारण पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात भिंगरी दोनदा गच्चीवर जाऊन आली. त्याने तबकडी काढली, तिच्याखालची चाकांची कडी काढली, आत बुटकं जाळीचं स्टँड ठेवलं आणि त्यावर पावाचे काप ओळीने मांडून भाजले. उजवीकडचे काप तपकिरी झाले, डावीकडचे पांढरेफटक राहिले.

"पंखा मागे आहे, पण गरम वारा उजव्या अंगाने येतो," तो म्हणाला. "बिघाड नाही. याचा स्वभाव आहे तो. तबकडी फिरते तेव्हा जाणवत नाही. तुमचा टिन फिरू शकत नाही, तर तुम्ही फिरवा. केकवर वरून साय धरली, की दार उघडून टिन उलटा करायचा. उजवं टोक डावीकडे. एकदाच. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. दार जास्त उघडलंत तर मधोमध बसेल."

हे त्याने स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर सांगितलं. मामंजी दारात उभे होते, माझा दीर फ्रिजला टेकून उभा होता, मी स्टुलावर होते. भिंगरी मान हलवत होती आणि हलवता हलवता ओटा पुसत होती. जाताना थंडोबा पुन्हा म्हणाला, "एकदाच. विसरू नका." आणि आम्ही सगळ्यांनी भिंगरीकडे पाहिलं.

मंगळवारी केक उजवीकडूनच करपला.

"फिरवलास का?" मी विचारलं.

"फिरवला, ताई. शपथ."

"मग काय, तो आपला आपण परत फिरला?"

ती करपलेलं टोक कापायला लागली. बुधवारी मधोमध खड्डा पडला आणि डावं टोक काळं झालं. गुरुवारी पुन्हा उजवं. काही मेळच नव्हता. मामंजी तोंड पाडून बसले. माझा दीर तर मुळातच मूग गिळून बसणारा माणूस. चष्म्याच्या दुकानात काम करतो, लोकांना 'हे अक्षर दिसतंय का' एवढं दिवसभर विचारतो, आणि घरी आला की तेवढंही विचारत नाही. भिंगरीला काही विचारलं की ती भडकते, म्हणून दोघांनी विचारणं सोडून दिलं होतं. ती मात्र घरभर फिरत होती. कपाटं उघडत होती, मिटत होती. घासलेली भांडी परत घासत होती. तिच्या पावलांचा आवाज वर माझ्या खोलीत येत होता आणि माझाही जीव थाऱ्यावर राहत नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी ती वर आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"ताई, एक विचारू? हसायचं नाही."

"विचार."

"मी फिरवते असं मला वाटतं, आणि प्रत्यक्षात फिरवतच नाही, असं होत असेल का? फोन संपला की खाली का आले ते मला आठवत नाही ना. तसं."

मी हसले नाही. शनिवार तोंडावर आला होता. केक जमला नाही तर कॅफे गेला, एवढंच मला वाटत होतं तोवर. आता दिसलं, की ही बाई स्वतःच्या हातांवरचाच विश्वास घालवून बसली आहे. मला तिची फार काळजी वाटली, आणि काळजी वाटली की मी चिडते. मी म्हणाले, "वेडी आहेस. जा, झोप."

शुक्रवारी सकाळी मी जिना उतरताना तिच्याच एका रिकाम्या कुंडीला अडखळले आणि पाय मुरगळला. मी यथेच्छ बोंब मारली. तिने मला धरून खाली नेलं, स्वयंपाकघरात फ्रिजच्या आडोशाला खुर्ची टाकली आणि माझा पाय गरम मिठाच्या पाण्यात बुडवला. पाय टबात आणि मी खुर्चीत. हलायची सोय नाही. तिने केक लावला.

मी इतका वेळ तिला काम करताना बघत कधी बसले नव्हते. ती ओव्हनच्या काचेशी वाकायची, सरळ व्हायची, खिडकीपर्यंत जायची, परत यायची. घड्याळ बघायची. दाराच्या मुठीला हात लावायची आणि काढायची. मग वर साय धरली. तिने हातमोजे घातले, दार उघडलं, टिन उलटा केला, दार लावलं.

"बघा ताई. फिरवला. तुम्ही साक्षीदार."

"पाहिला."

"आता मी बाहेर जाते. इथे थांबले तर पुन्हा उघडेन." आणि ती गच्चीवर निघून गेली.

थोड्या वेळाने मामंजी आले. इकडेतिकडे बघत, मांजराच्या पावलांनी. मामंजी आयुष्यभर पाणीखात्यात चावीवाले होते. ठरल्या वेळी चावी फिरवायची, की एका भागाचं पाणी बंद आणि दुसऱ्या भागाचं सुरू. नोकरीत त्यांच्या हातून कधी वेळ चुकली नाही, हे ते अजून सांगतात. मी दिसताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग माझ्यादेखत ओव्हनचं दार उघडलं, दोन फडक्यांत टिन धरला, उलटा केला आणि दार लावलं.

"ती विसरते ना," ते हळूच म्हणाले. "मंगळवारपासून मीच बघतो. तिला सांगू नकोस, वाईट वाटेल."

मी बोलायला तोंड उघडेपर्यंत ते बाहेरच्या खोलीत पोचलेही. त्यांना हाक मारावी तर गच्चीवर ऐकू जाईल. मी टबात पाय घालून तशीच बसले, आणि बाहेरचं दार वाजलं. माझा दीर जेवायला आला होता. तो बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरला, ओव्हनपाशी गेला, आणि मुठीला हात घातल्यावर त्याला मी दिसले.

"वहिनी," तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. "हिला सांगू नका हं. मी आपला जेवायला आलो की एकदा..."

"भाऊजी," मी म्हणाले, "तुमचा नंबर तिसरा आहे."

आणि मग मला जे हसू फुटलं ते आवरेना. टबातलं पाणी फरशीवर सांडलं. मामंजी धावत आले, त्यांना वाटलं मला काही झालं. मी बोटाने एकेकाला दाखवत म्हणाले, "तिने फिरवला. मग तुम्ही फिरवलात. आता हे फिरवायला आलेत. अहो, दोनदा फिरवला की तो होता तिथेच जातो! आणि तिसऱ्याने हात लावला की आणखी तिसरंच काहीतरी. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि थंडोबाला फुकट बोल लावत होतो आपण."

मामंजींनी मनात हिशेब केला. त्यांची बोटं हवेत उजवीकडे वळली, डावीकडे वळली आणि थांबली.

भिंगरी दारात उभी होती. ती कधी आली ते कोणाला कळलं नव्हतं. मला वाटलं, आता हीही हसेल. ती हसली नाही.

"म्हणजे मी विसरत नव्हते," ती म्हणाली.

"अगं नाही ना. तेच तर..."

"एकदाही विसरले नव्हते. आणि तुम्ही दोघांनी धरूनच ठेवलं होतंत, की ही विसरणार." तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच मला भीती वाटली. "मला वाटायला लागलं होतं माझं डोकं फिरलंय. रात्र रात्र मी आपले हात आठवत पडायचे."

मामंजी खाली बघत होते. माझ्या दिराला काहीतरी बोलून सावरायचं होतं. आमच्या घरात जो कधी बोलत नाही तो बोलला की नेमकं नको तेच बोलतो. तो म्हणाला, "अगं, तुझ्याच काळजीने. उद्या नाहीच जमलं तर तुला वाईट वाटू नये म्हणून मी तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनाही सांगून ठेवलंय. सोमवारपासून तुझी खुर्ची तुझीच आहे."



"तिकडेही फिरवून ठेवलंत का मला?" भिंगरी म्हणाली. "मला न विचारता?"

तिने ओव्हन बंद केला, टिन काढला आणि अर्धा कच्चा केक तसाच कचऱ्यात रिकामा केला. मग ती माझ्यासमोर बसली, माझा पाय टबातून काढला आणि पुसायला लागली. पुसता पुसता रडत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

शनिवारी सकाळी मी लंगडत खाली आले. उगाच यायची गरज नव्हती, पण वर राहवेना. स्वयंपाकघराचा उंबरा तिने कोणाला ओलांडू दिला नाही. तसं तिने तोंडाने सांगितलंही नाही. तिने फक्त आतून स्टूल ओढून ओव्हनसमोर ठेवलं आणि त्यावर बसली.

भिंगरी बसली होती, आणि फिरत होतो ते आम्ही. मामंजी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत होते, हाताची बोटं चावी फिरवल्यासारखी वळत होती. माझा दीर आज दुकानात गेलाच नव्हता. तो बोटं मोडत होता, ती संपली की पहिल्यापासून सुरू करत होता. माझा पाय ठणकत होता तरी मी उभी होते. 'फिरवलास का' हे तिघांच्याही जिभेच्या टोकावर होतं. मी तर ओठ दातांखाली धरला होता. तिच्या पाठीवरून काहीच कळत नव्हतं.

केकचा वास यायला लागला. माझा दीर उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. आता हा आत पाऊल टाकणार आणि पुन्हा रामायण होणार, असं मला वाटलं. त्याने खिशातून फोन काढला. उंबऱ्याच्या अलीकडेच उभा राहून, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलला.

"डॉक्टरीणबाई, नमस्कार. सोमवारचं सांगायचं होतं. ती येणार नाही. हो, खुर्चीवर दुसरं कोणी घ्या. नाही, नाही, केक अजून ओव्हनमध्ये आहे. तो कसा होईल ते माहीत नाही. कसाही झाला तरी ती येणार नाही. मी तिला न विचारता तुमच्याशी बोललो, तेवढं चुकलं माझं."

त्याने फोन ठेवला. एवढी वाक्यं मी त्याच्या तोंडून सलग कधी ऐकली नव्हती. भिंगरीने मागे वळून पाहिलं नाही. पण तिने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले, ते मला दिसलं.

मग तिने काचेशी वाकून आत पाहिलं, हातमोजे चढवले, दार उघडलं. टिन उलटा केला. दार लावलं आणि परत स्टुलावर बसली. मामंजी जागच्या जागी थांबले आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

केक निघाला तेव्हा तिने तो उंबऱ्यापाशी आणला आणि टिन काढून ताटात ठेवला. मामंजींनी चष्मा लावला. या टोकाला वाकून पाहिलं, त्या टोकाला वाकून पाहिलं. मग ताट फिरवून पुन्हा दोन्हीकडे पाहिलं.

"यातली गरम वाऱ्याकडची बाजू कुठली गं?"

भिंगरी केककडे बघत राहिली. तिने एका टोकावर बोट टेकवलं, मग दुसऱ्या टोकावर.

"आता मलाही नाही सांगता येणार, मामंजी," ती म्हणाली.

केक गार झाल्यावर ती एकटीच कॅफेत गेली. माझा दीर सोबत निघाला होता, मी त्याच्या शर्टाला धरून मागे ओढलं. ती जाऊन येईपर्यंत आमचा जीव टांगणीला होता. मामंजींनी चहा टाकला आणि तो उतू गेला.

जिन्यात पावलं वाजली. ती धावत येत नव्हती. ती दारात आली. हातात ताट होतं, रिकामं.

"दोन्ही टोकांचे काप कापून शेजारी शेजारी ठेवले त्यांनी," ती म्हणाली. "मग चष्मा काढून पाहिले. मग खाल्ले. म्हणाल्या, सोमवारपासून आणा."

मामंजींनी डोळ्यांना रुमाल लावला. भिंगरीने ताट टीपॉयवर ठेवलं, माझ्या बाजूला येऊन बसली, पाय वर घेतले, आणि बराच वेळ उठली नाही.